दहा फूट

माझ्या भावोजींइतका आकड्याशी इमान राखणारा माणूस साऱ्या रत्नागिरीत दुसरा झाला नाही, आणि खरं सांगायचं तर होऊही नये. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिमालयात रस्ते बांधणाऱ्या एका सरकारी खात्यात ते उंची मोजायच्या कामावर होते. मांडवीच्या वाळूत लहानाचा मोठा झालेला हा माणूस वर्षातले दहा महिने बर्फात राही आणि दोन महिने रजेवर घरी येऊन आमचा जीव खाई. पहिले तीन दिवस ते अंथरुणातून उठत नसत. उंचावर गेलं की तिथल्या हवेची सवय होईपर्यंत काही करायचं नाही, हा तिकडचा नियम. तो खाली उतरतानाही पाळायला हवा, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. गणपतीपुळ्याला जायचं म्हणून मुंबईहून आलेल्या माझ्या आत्यालाही त्यांनी सक्तीने आडवं केलं, आणि ती बिचारी दोन दिवस माजघरात पडून वासे मोजत राहिली. टूथपेस्ट गोठू नये म्हणून ऐन मे महिन्यात ते ती उशाखाली घेऊन झोपत. वर भात लवकर शिजत नाही, म्हणून इथेही कुकरचा ताबा त्यांच्याकडे. त्यांची रजा संपेपर्यंत आम्ही सगळे आजाऱ्यासारखी पेज खात असू. "अहो, ही रत्नागिरी आहे," अक्का वैतागून म्हणायची. "ते मला दिसतंय," ते म्हणत, "पण भाताला ठाऊक आहे का?"

आकड्याच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. 'जवळच आहे', 'थोडंसं', 'असेल शंभरेक' हे शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. माझ्या लग्नाच्या बोलणीत मध्यस्थाने माझी उंची पाच फूट सात इंच सांगितली. भावोजी शेजारीच बसले होते. "साडेपाच," ते म्हणाले, "चपला धरून." सोयरीक मोडता मोडता राहिली. माझी बायको अजून म्हणते की त्या घरात एक तरी माणूस खरं बोलतो म्हणून तिच्या वडिलांनी होकार दिला. मला आजही ते पूर्णपणे पटत नाही.

पण या इमानापायी पुढे भलत्याच माणसाचा जीव गेला. गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. त्यांच्या खात्यात उंचीभत्ता मिळे. एका ठरावीक उंचीच्या वर ज्यांचा तळ, त्यांना पगाराखेरीज चांगली रक्कम. त्याखाली राहणाऱ्यांना अगदीच किरकोळ. भावोजींचा तळ कागदोपत्री रेषेच्या वर होता, कारण फार पूर्वी कुणीतरी तो अंदाजपंचे मोजला होता. नव्या रस्त्यासाठी भावोजी पायथ्यापासून टप्प्याटप्प्याने उंची मोजत वर आले, तेव्हा तळ रेषेच्या नऊ फूट खाली निघाला. तळावर चाळीस माणसं होती. सगळी त्यांच्यामागे लागली, लिहू नका. साहेबांनीही डोळा मारून सांगितलं, "परत एकदा मोजा बरं." यांनी परत मोजलं, आणि संध्याकाळी जाऊन म्हणाले, "साहेब, आधी चूक झाली होती. नऊ नाही, दहा." तो कागद खाली गेला आणि सगळ्यांचा भत्ता बंद झाला. मी हा किस्सा कितीदा तरी रंगवून सांगितला आहे. आता सांगवत नाही.

तळावर गोविंदा नावाचा स्वयंपाकी होता, आमच्याकडच्या पावस गावाच्या आतल्या एका वाडीतला. गाववाला म्हणून भावोजींचा त्याच्यावर जीव. नाचणीचं पीठ दोघांत वाटून खायचे. गावी त्याने चिऱ्याचं घर बांधायला काढलं होतं आणि ते सगळं भत्त्याच्या भरवशावर. भत्ता गेला तसा त्याने आणखी वरच्या तळावर बदली मागून घेतली. तिथे डॉक्टर नव्हता, फक्त बर्फ काढणारी टोळी. भावोजींनी त्याला बजावलं, "तीन दिवस हलू नकोस." पण भूक लागलेली वीस माणसं समोर असताना स्वयंपाकी तीन दिवस पडून कसा राहील? दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं ठणकू लागलं, तिसऱ्या दिवशी दम लागला, आणि वाट बर्फाने बंद होती. चौथ्या दिवशी तो गेला. माणूस त्या हवेत बुडतो, छातीत पाणी भरून, असं भावोजींनी मला एकदाच सांगितलं.

त्याची ट्रंक घेऊन ते आले तेव्हा मी त्यांच्याबरोबर वाडीवर गेलो. वाटेत मी परोपरीने विनवलं की झालं ते झालं, आकड्याचं काही बोलू नका. चिऱ्याच्या भिंती छातीइतक्या वर येऊन थांबल्या होत्या. गोविंदाचे आईवडील शेजारच्या जुन्या खोपटीच्या ओट्यावर बसले होते. भावोजींनी ट्रंक ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"तुमी लिवलं नसतंत तर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तर तो खालीच राहिला असता."

गोविंदाची आई उठली आणि आत गेली. म्हाताऱ्याने ट्रंक ओट्यावर ओढून घेतली.

"आकडा बरोबर व्हता न्हवं?"

"बरोबर होता."

"मंग आमी कुनाला काय बोलायचं?" तो म्हणाला. मग भिंतींकडे हात करून म्हणाला, "ह्या पुऱ्या करायच्या हायत. गवंड्याचा काय भरवसा नाय. तुमी येवन बगा."

भावोजींनी त्याच वर्षी नोकरी सोडली. पेन्शन बेताची बसली, अक्का कुरकुरली नाही. खात्याकडून गोविंदाच्या मागे जे मिळालं त्यातून काम रखडत रखडत चाललं, आणि दर रविवारी भावोजी पहिल्या एसटीने वाडीवर जाऊन पाण्याच्या नळीने भिंतीची पातळी बघू लागले. एक चिरा दोऱ्याएवढा वर राहिला तरी काढायला लावत. गवंडी त्यांना शिव्या घालत असे. गोविंदाची आई त्यांच्यासमोर कधी आली नाही. कोरा चहा म्हातारा स्वतः आणून ठेवी. असे दोन पावसाळे गेले.

कौलं चढली त्या दिवशी मीही गेलो होतो. ती पहिल्यांदा बाहेर आली, दाराशी उभी राहिली आणि भावोजींकडे न बघता तिने विचारलं, "थितं लय उंच व्हतं काय वो? माजा गोविंदा व्हता थितं?"

वरच्या तळाची उंची भावोजींना फुटापर्यंत पाठ होती. मी माझ्या लग्नाच्या बोलणीत घाबरलो नव्हतो इतका घाबरलो. त्यांनी हातातली नळी खाली ठेवली.

"नाही हो काकी," ते म्हणाले. "फार उंच नव्हतं. श्वास नीट घेता येतो तिथे. तो झोपेतच गेला."

तिने पदर खोचला. मग "बरा झाला," म्हणाली आणि नव्या घरात गेली.

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. भाट्याचा पूल आला तेव्हा माझ्याकडे न वळता म्हणाले, "याची कुठे नोंद करू नकोस."

ते होते तोवर मी केली नाही.