मिजाज पाहून ठेवलेला कागद

मी भित्रा आहे हे मला लहानपणीच कळलं होतं. पण भित्रेपणाला कचेरीत हुशारी म्हणतात, हे कंधारच्या तहसील कचेरीत पेशकार झाल्यावर कळलं.

निजामी अंमल शेवटाला आला होता, तरी आमच्या तहसीलदारसाहेबाचा दरारा तसाच. कुणाचाही कागद माझ्याच हातून त्याच्यापुढं जायचा, असा रिवाज. मी आधी चपराशाला विचारायचो, साहेबाचा मिजाज कसा हाय? बरा असला तरच कागद आत, न्हाई तर दप्तराच्या बस्त्याखाली. लोक म्हणायचे, लई सबुरीचा माणूस. सबुरी कशाची डोंबलाची.

शेजारी बसणारा कारकून माझ्या उलट, मनात आलं की बोलून मोकळा. एका बुधवारी त्यानं रजेची दरख्वास्त माझ्या हातात दिली. बायको लातूरला माहेरी होती. दिवस भरत आलेले आणि ताप उतरत नव्हता. सहीशिवाय गेला तर नोकरी जाणार.

"आजच ठेवा दादा," तो म्हणाला.

मी हाव म्हणालो. त्या दिवशी साहेब चिडलेला होता. गुरुवारी त्याहून जास्त. शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी. "नामंजूर झाली तर पुन्हा तोंड उघडता येणार न्हाई," असं मी कारकुनाला समजावलं. खोटं नव्हतं ते. पण शिव्या मला बसल्या असत्या, हे खरं कारण.

शनिवारी साहेब पान चघळत हसत आला. मी कागद ठेवला. त्यानं लगेच सही केली, वर कागदावरची तारीख पाहून म्हणाला, "इतक्या मामुली कामाला तीन दिवस?"

कारकून लातूरला पोचला त्याच्या आदल्या दिवशीच, पोटातल्या लेकरासकट, त्याच्या बायकोला अग्नी दिला होता.

परत आला तो आपल्या जागी बसून लिहायला लागला. भांडला असता तर बरं झालं असतं. पंधरा दिवसांनी त्यानं दुसरा कागद दिला, बदलीचा. चाकूर, न्हाई तर कुठंही.

"का?" मी विचारलं.

"तुमच्या शेजारी बसवत न्हाई."

मी चपराशाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, आज बरा न्हाई. माझा हात आपसूक बस्त्याकडं गेला. कारकुनानं तो पाहिला, कागद ओढून घेतला आणि रिवाज मोडून स्वतःच आत गेला. साहेबाच्या शिव्या सगळ्या कचेरीनं ऐकल्या. तो बाहेर आला तेव्हा कागदावर सही होती.

शिव्या खाऊन माणूस मरत नाही, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पाहून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी पहिला कागद हातात आला, आणि मी चपराशाला विचारलं, साहेबाचा मिजाज कसा हाय?