अक्कांचा हुंकार

भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. या सदरातले अनुभव नवऱ्याला वाचून दाखवून मी त्यांची यथेच्छ खिल्ली उडवलेली आहे. आता तुम्ही माझी उडवा, हरकत नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

आम्ही मूळचे पुण्याचे, राहतो बेंगळुरूला, जे. पी. नगरमध्ये. गेल्या वर्षी ऑफिसची नोकरी सोडून मी मराठी शिकवायला लागले. दर रविवारी सकाळी ऑनलाइन क्लास. पहिलीच बॅच – मराठी बायको केलेला एक कन्नड इंजिनिअर, इथेच वाढलेल्या दोन कॉलेजच्या मुली, आणि आनेकलच्या सावित्रीअक्का. सत्तरीच्या. त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इकडचंच. त्यांचा मुलगा मंजुनाथ फोनवर तुटक मराठीत म्हणाला होता, "तिला शिकायला नको मॅडम. अप्पा गेल्यावर घरात सगळं कन्नडच. स्वल्प ऐकत बसू दे."

क्लासमध्ये मी दर वेळी एक गोष्ट सांगायचे आणि अक्का हुंकार द्यायच्या. लहानपणी गोष्ट ऐकताना आपण द्यायचो, तसाच. प्रत्येक वाक्याला "हूं... सरी." सरी म्हणजे कन्नडमधलं "बरं". मी मात्र नवी नवी टीचर! रेकॉर्डिंगमध्ये दर वाक्याला ते "सरी" ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मग मी त्यांना सरळ म्यूट करून टाकायचे. बिचाऱ्यांना कळायचंही नाही. पडद्यावर त्यांची मान हलतच राहायची.

एका रविवारी प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची, असं ठरलं. अक्कांचा नंबर शेवटचा. इंजिनिअरसाहेबांची गोष्ट काही संपेना. क्लासची वेळ संपली तेव्हा माझं लक्ष गेलं – अक्का ठेवणीतली जरीकाठाची साडी नेसून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ सरकून, रंगात येऊन बोलत होत्या. म्यूटवरच! एक बटण दाबायचं होतं मला... मी हात हलवून म्हटलं, "अक्का, तुमची पुढच्या रविवारी हं," आणि कॉल बंद केला.

चार-पाच दिवसांनी मंजुनाथचा फोन आला. अक्का झोपेतच गेल्या होत्या. मग तो म्हणाला, "खूप दिवस तीच गोष्ट घोकत होती मॅडम. आम्हाला सांगायला यायची. आम्हाला अर्धं कळत नाही, हूं कोण म्हणणार? मग म्हणायची, राहू दे, टीचर म्हणतील." फोन ठेवून मी ढसाढसा रडले.

त्या रविवारी क्लास घेतला. अक्कांचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, धीरच झाला नाही. तिघांचेही माइक बंद होते, मी नीट पाहिलं होतं. गोष्ट सुरू केली आणि दुसऱ्याच वाक्याला कानात आलं – "हूं... सरी."

अंगावर सर्रकन काटा आला. मनाचे खेळ म्हणून पुढे गेले. पुन्हा तेच. एवढ्यात इंजिनिअरने माइक चालू केला. "मॅम, अक्का जॉइन झाल्या का? आवाज आला त्यांचा."

दोन्ही मुलींनीही मान डोलावली. यादीत त्या तिघांची नावं आणि माझं, बस्स. नंतर मी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. माझी वाक्यं आहेत, माझं मध्येच अडखळणं आहे, हुंकार नाही. नवरा म्हणतो, नेटवर्कचा घोळ असेल. असेलही.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. शेवटी क्लास संपून सगळे गेल्यावर मी कॉल तसाच चालू ठेवला आणि म्हटलं, "अक्का, सांगा तुमची गोष्ट." काहीच ऐकू आलं नाही. तरी रिकाम्या पडद्यासमोर बसून मी हुंकार देत राहिले. नवरा दारात येऊन उभा राहिला, पण एरवीसारखा हसला नाही.

त्यानंतर क्लासमध्ये तो आवाज कधीच आला नाही. अक्कांची गोष्ट सांगून झाली, की त्या रागावून निघून गेल्या, मला ठाऊक नाही. आता मी कोणालाच म्यूट करत नाही, पण त्याचा त्यांना काय उपयोग?

त्या आवाजाचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा. त्या दिवशी मी त्यांचा माइक का चालू केला नाही, याचं मात्र आहे. मला इंदिरानगरला मैत्रिणींबरोबर जेवायला जायचं होतं आणि उशीर होत होता.