देवीचं घर

सकाळी लूम चालू व्हायच्या आधी आप्पा धोट्यातली सुताची एक कांडी काढायचे, तळहातावर उभी करायचे आणि हात माझ्यासमोर धरायचे.

"देख रे भाऊ, हालस का?"

"नई हालत, आप्पा."

"नीट देख."

मी नीट बघायचो. कांडी सरळ उभी असायची. मगच ते स्टार्टर दाबायचे. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या कारखान्यात बाकीच्यांना वाटायचं, हा माणूस मटक्याचा आकडा काढतो. एकाने तर कांडी कुठल्या बाजूला पडली की कुठला आकडा लागतो, याचा हिशेबही मांडला होता. आप्पा हसायचे. ते हसणं ओठांपुरतंच असायचं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचं नाव सांगत नाही. त्यांची लेकरं-बाळं आहेत, आणि ही गोष्ट लेकराबाळांचीच आहे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. चारचौघांसारखी जगतात, पण सारखा कसला तरी कानोसा घेत असतात.

खान्देशातल्या त्यांच्या गावी त्यांच्या घराला देवीचं घर म्हणत. वडिलांच्या अंगात यायचं. चाळिशी लागली आणि त्यांची मान झटके खाऊ लागली, हात आपोआप नाचू लागले, पाय वेडेवाकडे पडू लागले. गावाने त्यांना पाराजवळच्या देवळात बसवलं, कुंकू लावलं, नारळ वाहिले. देवी अंगातून उतरेचना, तेव्हा कोप झाला म्हणून लोक जास्तच पाया पडू लागले. शेवटी घास गिळता येईना, तेव्हा माणूस गेला. आजोबाही असेच गेले होते म्हणे.

मग थोरल्या भावाचे हात नाचू लागले. आप्पांनी त्यांना सुरतेला आणलं. मोठ्या दवाखान्यात मीही सोबत होतो. डॉक्टरांनी भावाला तपासलं, वडिलांची हकीकत विचारली. मग म्हणाले, "खून में चलता है ये. बाप से बच्चे में. किसी को आता है, किसी को नहीं. सिक्का उछालने जैसा समझो."

"इलाज?" आप्पांनी विचारलं.

"नहीं है," डॉक्टर म्हणाले.

मला राहवलं नाही. एवढी वाईट गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकते कशी, आपोआप संपत का नाही, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "जो बीमारी बचपन में मार दे, वो आदमी के साथ खत्म हो जाती है. ये चालीस के बाद आती है. तब तक शादी हो गई, बच्चे हो गए. ये आगे निकल चुकी होती है."

आप्पांना तेव्हा अडतिसावं चालू होतं. घरी एकुलती एक मुलगी होती.

प्लेग आला त्या साली अर्धं सुरत स्टेशनावर लोटलं. आम्हीही बोचकी बांधली. आप्पा शांतपणे चहा पीत बसले होते. "पयता येस, त्याले काय भ्यानं?" असं म्हणाले. प्लेगपासून मी पळून जाऊ शकत होतो. हा माणूस कुठे पळणार होता?

पुढे मुलीला स्थळ आलं. मुलगा सुरतेतच, पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये होता, माणसं आपल्याच भागातली, चांगली. आप्पांनी आधी मुलीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, माले बी व्हई का?"

बायकोने हातापाया पडून सांगितलं होतं, तोंड उघडू नका, पोर घरात बसेल. तरी सुपारी फोडायच्या वेळी आप्पा उभे राहिले.

"हाई देवी नई शे. बिमारी शे. मना बापले व्हती, भाऊले शे. माले व्हई, पोरले बी व्हई सकस. सोयरीक नको व्हई तर आत्तेच सांगा."

मला वाटलं, संपलं. पण मुलाचे वडील उठले आणि त्यांनी आप्पांचे पाय धरले. "देवीनं घर म्हनीसनच तर उनूत आम्ही. डाक्टरले देवीनं काय समजस?"

सुपारी फुटली. बायका गाऊ लागल्या. आप्पांचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता. खरं बोलून माणूस मोकळा होतो असं म्हणतात. ते मोकळे झाले नाहीत.

लग्नानंतर वर्षभरात, टपरीवर चहा पिताना मला त्यांचा पाय दिसला. तो आपल्याआपणच झटका मारत होता. त्यांनी गुडघ्यावर हात दाबून धरला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मुंग्या उन्यात." मी हो म्हणालो. मला इतकी भीती वाटली की चहा तसाच ठेवून उठलो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नातवाच्या बारशाला. काम सुटलं होतं, दुसऱ्या दिवशी ते गावी निघणार होते, कायमचे. बाळ मांडीवर द्यायला लेक आली, तर त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले आणि नको नको अशी मान हलवली. तेवढ्यात व्याह्यांच्या घरातली म्हातारी पुढे आली. तिने बाळाची हनुवटी धरली, एकदा बाळाकडे, एकदा आप्पांकडे पाहिलं.

"पोऱ्या आख्खा आजोबावर गया वं!"

आप्पांची जीभ तेव्हा जड झाली होती. तरी ते बोलले. "तसं नको बोलू, माय. बापवर गया म्हन. एकदाव म्हन."

म्हातारीला वाटलं, माणूस लाजतोय. तिने हसत हसत बाळावरून बोटं ओवाळून कडाकड मोडली आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "आख्खा आजोबावर!"