उंटावरचे शेठजी

शेठजी पुन्हा वाळूत उतरले. कॅमेऱ्यामागे भाऊंनी कपाळावर हात मारला.

"भाऊ, इथून घ्या! इथून मस्त दिसून राहिलं!" टेकडीच्या मधोमध उभे राहून शेठजी ओरडत होते. त्यांच्या मागे म्हशींचा कळप गेल्यासारखी पावलं उमटली होती.

मी तेव्हा नागपुरात भाऊंच्या फोटो स्टुडिओत कामाला होते. बायका फोटोला बसल्या की त्यांचे पदर नीट करायचे, हे माझं पहिलं काम. पुढे कॅमेऱ्यात रोल भरायला शिकले. शेठजींचं गांधीबागेत कापडाचं दुकान. दिवाळीच्या कॅलेंडरवर त्यांना वाळवंटाचा रंगीत फोटो हवा होता, म्हणून आम्ही राजस्थानात आलो होतो. भाऊ, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, मी, आणि शेठजी. शेठजींचं खरं तर काही काम नव्हतं. पण ते म्हणाले, "कापड मीच पसंत करतो नं? मग वाळवंटही मीच पसंत करीन."

दुपारी वाळू सपाट दिसते, परातीतल्या पिठासारखी. ऊन तिरपं झालं की वाऱ्यानं काढलेल्या लाटांच्या सावल्या पडतात. फोटो तेव्हाच घ्यायचा. पण त्यावर कोणी चाललं की लाटा मोडल्या. मग रात्रभर वारा वाहिल्याशिवाय त्या पुन्हा उमटत नाहीत.

आणि आम्हाला तर सकाळी परतायचं होतं. फोटो मिळाला नाही तर काम मुंबईच्या फोटोग्राफरला देईन, असं शेठजींनी येताना गाडीतच ऐकवलं होतं. भाऊंची ही पहिलीच मोठी ऑर्डर.

पलीकडे एक कोरी टेकडी शिल्लक होती. ऊन थोडंच उरलं होतं. भाऊंनी स्टँड उचललं. शेठजीही निघाले.

वहिनी माझ्या कानाशी आल्या. "काय वं, याले कुठी बांधून ठेवता येईन का?"

चार लोकांत माझा आवाज फुटत नसे. हळूच म्हटलं, "उंटावर."

सामान वाहायला आम्ही एक उंट भाड्यानं घेतला होता. वहिनींनी पदर तोंडाला लावून हसू आवरलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "शेठजी, उंटावर बसा नं. वरून सगळं दिसते. तुमाले जागा पसंत करायले बरं."

शेठजी चढले. उंट मागच्या पायांवर आधी उठतो. शेठजींनी त्याच्या मानेला मिठीच मारली.

मी उंटवाल्याजवळ गेले. मान खाली घालूनच म्हटलं, "भैया, फोटो होने तक ऊंट को बैठाना मत."

दिवसभर शेठजी त्याला दोरी कशी धरायची ते शिकवत होते. तो म्हणाला, "बाईसा, आज ये बैठेगा ही नहीं."

भाऊंनी कॅमेरा लावला. मी छत्रीच्या आडोशाला रोल भरला. वाळूचा एक कण आत गेला तरी फोटोवर ओरखडे पडतात.

वरून आवाज आला, "भाऊ, तिथून नाही! डाव्या बाजूनं! अबे, उतारो मेरे को!"

"शेठजी, ऊंट का मन नहीं है," उंटवाला म्हणाला आणि उंट लांबून वळवून टेकडीच्या पार मागच्या कडेला घेऊन गेला.

"अरे, हे तर फोटोत येऊन राहिले!" भाऊ ओरडले.

"येऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "बुंदीएवढे तर दिसतात. ऊन चाललं, तुम्ही बटण दाबा."

भाऊंनी रोल संपेपर्यंत दाबलं.

नागपुरात परतल्यावर फोटो धुऊन आले. कोरी वाळू, लाटांच्या सावल्या, आणि दूर टेकडीच्या कडेला उंट. त्यावर हात उंच केलेला एक माणूस. शेठजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं.

"हा मीच नं?"

"हो, शेठजी."

"हात पाहा कसा केला! जसा काही राजा फौजेले हुकूम देऊन राहिला. हाच छापा. अन् पुढच्या वर्षी हिमालय. मी येतोच."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे. तिथे उंट नसतो, एवढं आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

धंद्यात गिऱ्हाइकाला गप्प बसवायच्या भानगडीत पडू नये. उंच बसवावं.