खारीच्या फोनची दोरी

लेक मनोऱ्यावर चढली की ती उतरेपर्यंत आईला चैन पडत नसे. आता लेक जमिनीवर होती, तरी चैन नव्हतीच.

लेकीचं काम विजेच्या तारा पेलणाऱ्या उंच मनोऱ्यांच्या तपासणीचं. पट्टे आवळून वर चढायचं, एकेक सांधा न्याहाळायचा, गंज दिसला की मोबाइलवर फोटो काढून खाली पाठवायचा. तिची चपळाई पाहून टोळीनं तिचं नाव 'खार' पाडलं होतं. मुकादम म्हणायचे, बाकीचे वर कामाला जातात, ही राहायला जाते. आईला या थट्टेचं कधी हसू आलं नाही.

खारीचा फोन मात्र बघवत नसे. झिजलेल्या कोपऱ्यांचं काळं रबरी कव्हर आणि त्यातून ओवलेली, ग्रीसनं चिकट झालेली दोरी. दोरीचं दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला. वर नेलेली वस्तू, पाना असो की फोन, अंगाला बांधलेली हवी हा टोळीचा नियम. शिवाय एकानं बांधलं की दुसऱ्यानं ते हिसका देऊन तपासायचं आणि "ओढून पाहिलं" असं मोठ्यानं म्हणायचं. ते शब्द कानावर पडल्याशिवाय कुणी पहिल्या पायरीवर पाय ठेवत नसे. घरीसुद्धा खारीला तीच सवय. गॅस बंद केलास का, असं न विचारता ती विचारायची, ओढून पाहिलंस का?

सुट्टीच्या दिवशी लेक अंघोळीला गेल्यावर आईनं फोनला नवंकोरं कव्हर चढवलं. पाणी शिरणार नाही, उंचावरून पडला तरी फुटणार नाही, असं खोक्यावर लिहिलं होतं. सोबत छानशी निळी नाडी होती, टोकाला पट्ट्यात अडकवायची कडी. जुनी गाठ सुटेना, तेव्हा आईनं सरळ कात्री चालवली.

लेकीनं नाक मुरडलं, पण आईचं मन मोडवेना. नाडी बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "ओढून पाहिलीस?"

"पाहिली की," आई पोळी उलटत म्हणाली.

पाहिली नव्हती.

आईचे शब्द हीच तपासणी मानून दुसऱ्या दिवशी खार टोळीत कुणाला नाडी ओढायला न लावताच चढली, आणि मनोऱ्यावर नाडीची कडी उघडली. खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याला चाटून फोन मातीत रुतला. माणूस थोडक्यात वाचला. फोनवर ओरखडासुद्धा नव्हता. खारीचं चढणं त्याच क्षणी बंद झालं. आता ती गोदामात दोर धूत बसते. सोमवारी साहेबांसमोर चौकशी आहे, आणि हलगर्जी ठरली तर वर जायचा परवाना कायमचा जाईल.

जेवताना लेकीनं सांगितलं, नाडी कोणी तपासली असं मुकादम विचारत होते, तर तिनं स्वतःचंच नाव घेतलं.

"माझं का नाही घेतलंस?"

"आईनं बांधून दिलं म्हणू? उद्या विचारतील, वेणीपण तीच घालते का," लेक हसली. मग ताटाकडे बघत म्हणाली, "आणि तू तर ओढून पाहिली होतीस. कडीच कच्ची निघाली, तुझा काय दोष?"

आईनं तिला उगाच आमटी वाढली.

लाज नुसत्या खोटेपणाची असती तर एव्हाना तिनं सांगूनही टाकलं असतं. पण लेकीचं चढणं बंद झाल्याचं कळलं तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं होतं ते हे, की बरं झालं, सुटले एकदाची. समोर पोर रडून सुजलेले डोळे लपवत होती आणि आईला हायसं वाटत होतं. गप्प राहिलं तर लेक आयुष्यभर खालीच राहील, हा हिशेबही मनानं करून ठेवला होता. स्वतःच्याच मनाची तिला किळस आली.

सकाळी लेक गोदामात गेल्यावर, तिनं अडीअडचणीसाठी देऊन ठेवलेला मुकादमांचा नंबर आईनं काढला. बोट थबकलं. कात्री चालवली तीही लेकीच्या पाठीमागेच. आता कबुलीसुद्धा पाठीमागेच द्यायची?

तिनं तो नंबर बाजूला सारला. आधी लेकीलाच फोन लावायचा, खरं काय ते तिला सांगायचं, तिला काय बोलायचं ते बोलू द्यायचं, आणि मग म्हणायचं, आता फोन मुकादमांच्या हातात दे. आवाज फुटतोय का हे एकदा खाकरून पाहत तिनं लेकीचं नाव दाबलं.