देवरावकाकांची खुर्ची

देवरावकाकांना मी भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं.

आज त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरी ही गोष्ट मनातून जात नाही.

वसमतला बाबांचं वकिलीचं ऑफिस. काका तिथं तीस वर्षं मुन्शी. बाबा आत केबिनमध्ये, काका बाहेर दारासमोर.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी एलएलबी करून, कॉम्प्युटर घेऊन आले. आल्या आल्या केबिनचं पार्टिशन काढलं. जुने-नवे सगळे एकत्र बसू, एकमेकांचं शिकू, असं मोठं भाषणही दिलं.

दारासमोर कॉम्प्युटर मांडला. काकांचं टेबल कोपऱ्यात सरकवलं.

तीन दिवस ते तिथं बसले. चौथ्या दिवशी आलेच नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी आधी चहा दिला. काहून येत नाही, मी विचारलं.

"ताई, आत येणाऱ्याचं तोंड पाहून मी समजतो त्याला काय तकलीफ हाय. आता मला निस्ती भिंत दिसून राहिली. टेबल हलवलं, बराबर हाय. पण मला विचारलं न्हाई."

घरी येऊन रात्रभर तळमळले.

सकाळी कॉम्प्युटर भिंतीशी नेला. काका दारासमोर, शेजारी मी, पलीकडे बाबा. एकच लांब टेबल.

त्याच आठवड्यात तांड्यावरच्या दोन भावांच्या शेताची तारीख होती. फाईलमध्ये निजामाच्या काळातला उर्दू कागद. त्याचं मराठी भाषांतर बाबांनी बाहेरून करून घेतलेलं. मी ते टाइप करत होते. काका मूळ कागद वाचत होते. शाळा उर्दूत झालेली त्यांची.

माझ्यासमोरच्या भाषांतरावर नजर गेली तसे मध्येच थांबले.

"साहेब, शुमाल म्हंजे उत्तर. हितं दक्षिण लिवलंय."

सगळा दावा त्या एका दिशेवर होता. चार वर्षं तो कागद केबिनमध्ये पडून होता.

बाबांनी दोन्ही कागद हातात घेतले. मग म्हणाले, "देवराव, इतक्या वर्षांत मी तुम्हाला आत बोलावलंच नाही."

"बोलावलं की, साहेब. चहा सांगायला."



भावांना शेत मिळालं. काका पुढं सात वर्षं त्याच खुर्चीवर बसले.

पण त्याआधीच्या फायली? त्यांतलं काय काय चुकीचं वाचलं गेलं असेल?

अजून चैन पडत नाही.

काका, विचारायला उशीर केला. माफ करा. मनापासून नमस्कार.