विनूदादाला बदली ठेवला

सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी शाहपुऱ्यातल्या एका भाड्याच्या फर्निचरच्या दुकानात आरामखुर्चीत बसून पुढे-मागे झुलत होतो. खुर्ची करकरते की नाही ते पाहत होतो. विनूदादाला नाटकात करकरणारीच हवी होती. "मी बोलायचा थांबलो की खुर्चीनं बोललं पाहिजे," असं त्याचं म्हणणं. वहिनी म्हणाल्या, "सुधीरभाऊजी, हे गेले हो." मी म्हणालो, "पण वहिनी, आज सहाला तालीम आहे." त्या म्हणाल्या, "हो ना..." दुकानदारानं विचारलं, "ले रहे हैं क्या, भाईसाब?" मी हो म्हणालो, पैसे दिले, आणि रस्त्यावर येऊन उभा राहिलो. स्कूटर कुठे लावली होती ते मला आठवेना. आता पाच-सहा आठवडे होत आले. अजूनही कुणी विनूदादाविषयी विचारलं की तोंडून पहिलं वाक्य हेच येतं... आदल्या संध्याकाळी तर त्यानं पूर्ण दुसरा अंक केला होता.

विनायक सरमंडल हे त्याचं नाव भोपाळबाहेर फारसं कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. तो मूळचा उज्जैनचा. भोपाळला विजेच्या यंत्रांच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या शॉपमध्ये लागला, तिथूनच फोरमन होऊन निवृत्त झाला. पण आमच्या टाउनशिपमध्ये त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. मी ट्रेनी म्हणून रुजू झालो त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला पहिल्यांदा पाहिलं. नाटक ऐन रंगात असताना वीज गेली. देशभर विजेची यंत्रं पाठवणाऱ्या आमच्या वसाहतीत बत्ती गुल! लोक हसायला लागले. विनूदादा अंधारातच पुढे आला आणि भूमिकेतल्या आवाजात म्हणाला, "अहो, घाबरू नका. दिवसभर आम्ही तुमच्यासाठीच राबतो, रात्री जरा आम्हालाही डुलकी लागते." मग पुढची दहा-पंधरा मिनिटं त्यानं अंधारात नाटक चालू ठेवलं. स्टेजवर कोण कुठे उभं आहे, कोण रडतंय, हे तोच बोलण्यातून सांगत गेला. दिवे आले तेव्हा प्रेक्षक थोडे नाराजच झाले. तिसऱ्या रांगेत कायम बसणारे तिवारीजी म्हणून एक गृहस्थ होते. त्यांना मराठीचा गंध नव्हता, पण विनूदादाचं एकही नाटक त्यांनी चुकवलं नाही. ते म्हणायचे, "सरमंडल की मराठी समझ में आ जाती है."

त्याच गणपतीत मी त्याला चिकटलो तो शेवटपर्यंत. पुढे मी नाटकं लिहू लागलो, बसवू लागलो, आणि तो त्यांत काम करत राहिला. वयानं आठ-नऊ वर्षांनी मोठा, पण मला तो अस्सल भोपाळी पद्धतीनं 'खां' म्हणायचा. "को खां, या वाक्यात क्रियापद कुठे पळालं?" असं सगळ्यांसमोर विचारायचा. मी चिडायचो. मग चहा पाजायचा.

यंदाच्या हिवाळ्यात त्यानं आम्हाला आजाराची बातमी दिली तीही तालमीच्या चहाच्या वेळेतच. कपबशी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, एक घोषणा. मला स्वादुपिंडाचा कॅन्सर झालाय. इतक्या चविष्ट नावाचा अवयव आपल्याला आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं." कुणालाच हसावं की काय करावं ते समजेना. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, मामला गंभीर आहे. मी म्हटलं, मला आजवर गंभीर भूमिका कुणी दिलीच नाही, हीसुद्धा विनोदी करून टाकू. बरं, आता पहिल्या प्रवेशापासून घ्या."

नाटक माझंच होतं. निवृत्त झाल्यावरही कंपनीचं क्वार्टर सोडायला तयार नसलेल्या एका म्हाताऱ्याचं. म्हातारा स्टेजवरून जवळपास हलतच नाही. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या देखत मी विनूदादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "तुझ्याशिवाय हे नाटक होणार नाही, दादा. तूच करायचंस." टाळ्या वाजल्या. घरी गेलो, बायकोला बातमी सांगितली, दोघंही रडलो. आणि जेवायच्या आधी मी निशिकांतला फोन केला.

निशिकांत हा आमच्यातला तरुण. म्हणजे चाळिशीचा, पण आमच्या मंडळात तो तरुणच. मूळचा नागपूरचा, बँकेत नोकरीला, राहायला शाहपुऱ्यात. नाटकात जावयाचं छोटं काम करत होता. मी त्याला म्हणालो, म्हाताऱ्याची भूमिका पाठ करून ठेव, कुणाला सांगू नकोस.  तो म्हणाला, "सुधीरदादा, हे बरं नाही वाटत. विनूदादांना कळलं तर?" मी म्हणालो, "कळायचं कारणच काय? दिग्दर्शकाला हे करावं लागतं."

करावं लागतं... हे मी स्वतःलाही अनेकदा ऐकवलं. खरं म्हणजे आमच्या मंडळात बदली नट ठेवायची रीतच नव्हती. आम्ही हौशी माणसं, कुणाला ताप आला तर प्रयोग पुढे ढकलला जायचा. एका वर्षी विनूदादाला टायफॉइड झाला तेव्हा नाटक दोन महिने लांबवलं होतं, आणि बदलीचा विचार कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. पण यंदा रविवारी सकाळी मी निशिकांतच्या घरी जायचो, दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला लावून त्याच्याकडून म्हाताऱ्याचं काम बसवून घ्यायचो, आणि संध्याकाळी टाउनशिपमध्ये येऊन विनूदादाला म्हणायचो, "वा दादा, काय केलंस आज!" दोन्ही मनापासून करत होतो, हे कुणाला पटणार नाही.

विनूदादा मात्र मजेत होता. केमोथेरपीनं केस गेले तेव्हा म्हणाला, "टकलाचा मेकअप वाचला, मंडळाला माझ्याकडून देणगी." एकदा मी त्याच्यासोबत दवाखान्यात गेलो होतो. हबीबगंज स्टेशनचं नाव बदलून कितीक दिवस झाले, पण विनूदादासाठी ते हबीबगंजच. वॉर्डात पलंगावर पडल्या पडल्या त्यानं स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात सुरू केलं, "यात्रीगण कृपया ध्यान दें. हबीबगंज से होकर बेड नंबर चार पर आने वाली सलाईन अपने निर्धारित समय से आधा घंटा देरी से चल रही है. आपको हुई असुविधा के लिए सिस्टर को खेद है." सगळा वॉर्ड हसत होता. ती केरळची सिस्टर सलाईन लावता लावता म्हणाली, "अंकल, सुई हिल जाएगी." शेजारच्या पलंगावरचा, आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस कुशीवर वळला आणि विचारता झाला, "भाईसाब, भोजन की व्यवस्था है क्या इस गाड़ी में?" मला वाटलं, हा माणूस खरंच यातून सुटणार. आणि त्या रविवारीही मी निशिकांतकडे गेलोच.

विनूदादाला कळलं ते एका साध्या गोष्टीवरून. तालीम चालू होती. म्हाताऱ्याच्या एका वाक्यावर जावई दचकतो. निशिकांत त्या दिवशी विनूदादा ते वाक्य बोलायच्या आधीच दचकला, म्हाताऱ्याची वाक्यं मनातल्या मनात स्वतःच म्हणत असल्यासारखा. प्रेक्षकाला हे दिसलं नसतं. मलाही दिसलं नाही. विनूदादानं अंक पुरा केला, सगळ्यांना जाऊ दिलं, आणि मला कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं.

"निशिकांतला माझं काम कधीपासून दिलंयस?"

"काय? कुठलं काम?"

"अभिनय नको करू, खां. त्यात तू कच्चा आहेस."

मी म्हणालो, "दादा, अरे उद्या तुझी केमो लांबली..."

"तर नाटक लांबेल. टायफॉइडला लांबलं होतं ना? तेव्हा ठेवला होतास बदली?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती? बोल की."

 इतक्या वर्षांत मी त्याला स्टेजबाहेर रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्याचा आवाज कापत होता. "डॉक्टर टक्के सांगतो, ते त्याचं काम आहे. सुलभा माझ्याकडे बघते आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. पोरगा पुण्याहून फोनवर रडतो, त्याला मी हसवतो. सगळ्यांना मीच हसवायचं का रे? आशा काय मला झाडावरून मिळते? रोज सकाळी उठून ती उभी करावी लागते, यार. मला वाटायचं, तालमीला गेलो की निदान सुध्या तरी धरून चाललाय की मी हे नाटक करणार..." त्यानं चप्पल घातली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. "को खां, चेहरा का लटकवलास? चल, पहिला प्रवेश." निशिकांतशीही पहिल्यासारखाच वागला. फक्त माझ्यासोबत चहा घेतला नाही, बरेच दिवस.

मग स्कॅन झालं आणि गाठ लहान झाल्याचं निघालं. त्याचा फोन आला, "आकसली! मला घाबरून आकसली!" मी स्कूटर काढली आणि थेट रायसेन रोडनं आनंद नगर गाठलं. निवृत्तीनंतर तिथंच त्यानं छोटं घर बांधलं होतं. मी त्याला मिठी मारली आणि एका दमात सांगून टाकलं, की निशिकांतला मी थांबवलंय, काम विसरून जा म्हटलंय, आता माझी खात्री आहे, तूच करणार. तो हसला. चिडून नाही, अगदी प्रेमानं हसला. म्हणाला, "आता खात्री? रिपोर्ट बघून? खां, रिपोर्ट बघून तर कुणीही विश्वास ठेवील." आणि वहिनींना म्हणाला, "याला चहा टाक गं, साखर जास्त, कडू तोंडानं आलाय."

त्यानंतर पंधरवडाभर आम्ही झपाटल्यासारखी तालीम केली. तो बारीक झाला होता, पण आवाज परत आला होता. शेवटच्या संध्याकाळी दुसरा अंक झाल्यावर मला म्हणाला, "करकरणारी खुर्ची बघून ठेव उद्या." सकाळी चहा घेता घेता त्याला धाप लागली. फुफ्फुसात रक्ताची गुठळी. या आजारात असं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी गेले चार महिने त्याच्या मरणाची तयारी करत होतो. लपूनछपून त्याच्या जागी माणूससुद्धा उभा करून ठेवला होता. आणि ते आलं तेव्हा मी फोनवर तालमीची वेळ सांगत होतो.

शोकसभेनंतर मंडळात विषय निघाला, की निशिकांतला पाठ आहे तर प्रयोग करावा का. निशिकांत उठून म्हणाला, "पाठ आहे, याचीच मला लाज वाटते," आणि बाहेर गेला. 

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावून घेतलं. घरी गेलो तर गच्चीवर विटा, वाळू, सेंट्रिंगच्या फळ्या. काहीतरी बांधकाम चाललंय हे आधीही दिसलं होतं, पण कशाचं ते मी कधी विचारलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "केमो सुरू झाली आणि यांनी वर खोली काढायला घेतली. मी किती भांडले! म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, टाउनशिपचा हॉल लग्नकार्यांना देतात, तालमीला हक्काची जागा नको का? तुम्हाला स्लॅब पडल्यावर दाखवणार होते. आता मिस्त्री विचारतोय, स्लॅब टाकू की काम बंद करू. पोरगा म्हणतो, बंद करा. मला तर काही सुचत नाही हो, भाऊजी. तुम्ही सांगाल तसं करते."

मी वर गेलो. चार भिंती उभ्या होत्या, वर आकाश. खोली चांगली मोठी होती, सबंध गच्चीभर. आमच्या मंडळात आता तालमीला जेमतेम दहा-बारा माणसं येतात. पोरं पुण्याला, बंगळूरला गेली. येणाऱ्यांतले निम्मे जिना चढताना दोनदा थांबतात. कुणासाठी ही खोली... आणि विनूदादाशिवाय तिथे बसवायचं तरी काय? मी काम बंद करायला सांगणार होतो. तेच शहाणपणाचं होतं, मुलगाही तेच म्हणत होता.

मिस्त्री सळया सरळ करत बसला होता. मला पाहून उठला. त्याला वाटलं, मी काम पाहायला आलोय. म्हणाला, "भाईसाब, स्लैब की ढलाई से पहले पंखे के हुक डलेंगे. कितने डालूँ?"

मी खोलीकडे पाहून नकळत म्हणालो, "एक बहुत है."

तो घुटमळला. "सरमंडल साब तो चार बोल गए थे. बोले, पचास लोग बैठेंगे, गरमी होगी."

पन्नास! मला हसू आलं. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता मी त्या उघड्या भिंतीला हात टेकून उभा राहिलो. खालून वहिनींनी हाक मारली, "काय ठरलं, भाऊजी?" मिस्त्री अजून माझ्याकडे पाहत होता.

"चार ही डालो," मी म्हणालो.